गुऱ्हाळाची कादंबरी आणि ऑब्सिडियन: मराठी लेखकासाठी टिपणांच्या साधनांचं परीक्षण

ऑब्सिडियन हे टिपणं ठेवायचं ॲप मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्याच्या कितपत कामाचं आहे, ते इथं तपासलं आहे. सोबत खिशातल्या चिठ्ठ्या, गूगल कीप आणि व्हॉट्सॲप यांचाही हिशेब घेतला आहे, कारण एकट्या ऑब्सिडियनवर भागत नाही. कसोटी एकच लावली आहे: आज टिपलेली गोष्ट सहा महिन्यांनी, नेमकी लागेल तेव्हा, मिनिटाभरात हाती येते का? टिपून घेणं कुठल्याही साधनात सोपंच असतं. घोडं अडतं ते परत सापडण्यापाशी.

तपासायला एक काल्पनिक कादंबरी धरूया. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ, ऊसतोडीचा हंगाम, गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) आणि मालक यांच्यातली तेढ, शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा. अशा लेखनासाठी जमणारा माल एकजातीचा नसतो. चुलवाणावर काहील (रस आटवायची मोठी कढई) किती वेळ राहते, मळी कधी काढतात, चिपाड ओलं असलं तर धूर कसा येतो, हे तपशील. मालकाच्या आईच्या तोंडचं एखादं वाक्य. नदीकाठच्या वाटेचं वर्णन. करवीर नगर वाचन मंदिरातल्या जुन्या पुस्तकातला उतारा. आणि ज्याचं पुढं काय होणार ते लेखकालाच माहीत नसतं, असं एखादं अर्धवट कथाबीज. हे सगळं एकाच वहीत तारखेनुसार लिहीत गेलं की तिसऱ्या वहीनंतर काय कुठं आहे ते कळेनासं होतं.

ऑब्सिडियन म्हणजे काय

2020 साली आलेलं हे ॲप तुमच्या संगणकावरच्या एका साध्या फोल्डरला ‘व्हॉल्ट’ म्हणतं. त्यात प्रत्येक टिपण ही मार्कडाउन नावाच्या साध्या मजकुराची वेगळी फाईल असते. ती नोटपॅडमध्येही उघडते. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या सगळ्यांवर ॲप चालतं. वैयक्तिक वापराला ते फुकट होतंच, 2025 पासून व्यावसायिक वापरालाही परवाना घ्यायची सक्ती राहिलेली नाही. पैसे लागतात ते फोन आणि संगणकावरची टिपणं जुळवून ठेवणाऱ्या कंपनीच्या सिंक सेवेला, आणि ती घेतलीच पाहिजे असं नाही.

लेखकाच्या दृष्टीनं यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टिपणं तुमच्या ताब्यात राहतात. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपनं 2023 च्या अखेरीस फुकट खात्यावर 50 टिपणांची मर्यादा घातली. वर्षानुवर्षं तिथं लिहीत आलेल्यांना पैसे भरणं किंवा सामान हलवणं एवढेच मार्ग उरले. ऑब्सिडियन उद्या बंद पडलं तरी फोल्डर आणि फायली जागच्या जागी असतील. कादंबरीचं काम पाच-पाच वर्षं चालतं, म्हणून आम्ही या मुद्द्याला बाकी सगळ्या सोयींच्या वर ठेवतो.

दुसरी मोठी गोष्ट दुव्यांची. टिपणात दुहेरी चौकटी कंसात एखादं नाव लिहिलं, उदाहरणार्थ [[गुळव्या]], की त्या नावाच्या टिपणाशी जोड तयार होते. ते टिपण अजून नसेल तर नावावर टिचकी मारताच तयार होतं. ‘गुळव्या’ उघडलं की त्याचा उल्लेख आणखी कुठं कुठं आला आहे त्याची यादी बाजूच्या बॅकलिंक पट्टीत दिसते. पात्राबद्दल निरनिराळ्या वेळी टिपलेल्या गोष्टी अशा आपोआप एका जागी येतात. वहीत हेच काम करायला शेवटच्या पानांवर हातानं सूची ठेवावी लागते. ती नेटानं ठेवणारे लेखक असतात, पण थोडे.

मराठीसाठी मांडणी करताना

आधी फॉन्ट. सेटिंग्जमध्ये अपिअरन्स, त्यात टेक्स्ट फॉन्ट. तिथं ‘तिरो देवनागरी मराठी’ हा गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा फॉन्ट निवडा. संगणकावर तो आधी बसवून घ्यावा लागतो. यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. बरेच तयार फॉन्ट हिंदी वळण दाखवतात आणि लांबलचक मजकूर वाचताना ते सतत खुपतं. अक्षर थोडं मोठं ठेवा. इंग्रजीला पुरणाऱ्या आकारात वेलांट्या आणि रफार दाटीवाटीनं बसतात.

फोल्डर तीनच करा: ‘आवक’, ‘साठा’ आणि ‘लेखन’. नवं आलेलं सगळं आवकमध्ये, निवडून नीट केलेलं साठ्यात, प्रत्यक्ष मसुदे लेखनमध्ये. पात्रं, जागा, संवाद, इतिहास असे फोल्डर करायचा मोह फार होतो, आणि तिथंच बहुतेकांची मांडणी कोसळते. मालकाच्या आईनं गुऱ्हाळावर उभं राहून काढलेलं वाक्य पात्रांत टाकायचं, जागांत की संवादांत? एक फाईल एकाच फोल्डरमध्ये राहू शकते. निर्णय दर वेळी वेगळा होतो आणि शोधताना आपण कुठं टाकलं होतं ते आठवत नाही.

प्रकार सांगायला टॅग वापरा. सहा पुरतात: #बीज, #पात्र, #संवाद, #जागा, #तपशील, #शीर्षक. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, तिथं खालची रेघ द्यावी लागते: #वापरून_झालं. तिरपी रेघ दिली की उपप्रकार होतो, म्हणजे #संवाद/कोल्हापुरी. नियम साधा आहे. ज्याच्याविषयी लिहायचं ती गोष्ट, म्हणजे माणूस, जागा, वस्तू, दुव्यात जाते. टिपण कुठल्या जातीचं आहे ते टॅगमध्ये. टॅगांची संख्या पंधरावर गेली की समजावं, त्यातले निम्मे खरं तर दुवे व्हायला हवे होते.

#वापरून_झालं हा टॅग ज्यांना अनावश्यक वाटतो त्यांनी तो मुद्दाम लावावा. चांगली उपमा किंवा चमकदार वाक्य लेखकाला विसरवत नाही, आणि नकळत तीच दोन कथांत जाते. शोधताना टॅगच्या आधी वजाचं चिन्ह दिलं की वापरलेली टिपणं यादीतून गळतात.

आता टिपणाचा साचा. टेम्प्लेट्स हे प्लगिन, म्हणजे जोडसुविधा, ॲपसोबतच येतं, फक्त सुरू करायचं. साच्यात पाच ओळी ठेवा: मूळ गोष्ट, कुणाची, कुठं आणि कधी, का टिपली, कुठं लागेल. यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी. ‘म्हातारी, बंद घर, किल्ली’ एवढंच लिहिलेलं बीज चार महिन्यांनी मेलेलं असतं. शब्द शाबूत असतात, पण त्या क्षणी मनात काय हललं होतं त्याचा पत्ता नसतो. त्याखाली ‘घर विकलंय हे ठाऊक असूनही ती किल्ली रोज कमरेला लावते, तिला कुणी विचारत नाही’ अशी एक ओळ असली की बीज रुजायच्या अवस्थेत राहतं. पाचवी ओळ मोकळी राहिली तरी हरकत नाही. कुठं लागेल ते पुष्कळदा माहीत नसतंच.

संदर्भाची टिपणं असतील तर साच्यात पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, पान आणि ग्रंथालयाचा दाखल क्रमांक यांची भर घाला. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे. शिवाजी विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या काळातल्या प्रती असू शकतात आणि पानांचे आकडे जुळत नाहीत. उतारा जसाच्या तसा घेतला असेल तर अवतरणचिन्हांत, आपल्या शब्दांत घेतला असेल तर चिन्हांशिवाय, ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. दोन वर्षांनी कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे सांगायला दुसरा कुणी साक्षीदार नसतो.

मराठीत शोध का फसतो

ऑब्सिडियनच्या जाहिरातीत न दिसणारी आणि मराठी लेखकाला रोज भेटणारी अडचण इथं आहे.

‘गुऱ्हाळ’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो. एका पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त येतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ र च्याच कळीवर शिफ्ट धरून मिळतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यामागं डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. लॅपटॉपवर एका पद्धतीनं आणि फोनवर दुसऱ्या पद्धतीनं टंकलं असेल तर शोधात अर्धी टिपणं येतात, अर्धी राहतात, आणि राहिली आहेत हे कळायला मार्ग नसतो. बिऱ्हाड, दसऱ्याला, वाऱ्यावर, कोपऱ्यात, सगळीकडं हेच. ‘ॲ’ चंही तसंच आहे: एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरं ‘अ’ वर चंद्र देऊन केलेलं.

उपाय तीन. पहिला, सगळ्या यंत्रांवर एकच कळफलक. दुसरा, शोधताना शब्दाचा वादग्रस्त भाग गाळून उरलेला तुकडा टाका. ‘हाळ’ शोधलं की दोन्ही तऱ्हांचं गुऱ्हाळ येतं, सोबत थोडा गाळ येईल तेवढा चालवून घ्यावा. तिसरा उपाय कायमचा आहे. फायली साधा मजकूर असल्यामुळं नोटपॅड प्लस प्लससारख्या फुकट संपादकातून सगळ्या व्हॉल्टमध्ये एकदम शोधून बदल करता येतो. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा, मग दुसऱ्या पद्धतीचा अर्धा र सगळीकडं पहिल्या पद्धतीचा करा. ही सोय बंदिस्त ॲपमध्ये मिळत नाही. टॅगसाठी मात्र असे शब्द टाळलेलेच बरे. साधी अक्षरं असलेलीच नावं घ्या.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘रंकाळ्यावर’ हे ‘रंकाळा’ (कोल्हापुरातला तलाव) चं रूप आहे हे ॲपला कळत नाही. वाक्यात सहज लिहिताना [[रंकाळ्यावर]] असा दुवा दिला तर त्या नावाचं वेगळंच टिपण जन्माला येतं. मग रंकाळा, रंकाळ्यावर, रंकाळ्याच्या अशी तीन-तीन टिपणं होतात आणि बॅकलिंकची सगळी मजा जाते. दुव्यात आधी मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यातलं रूप लिहायची सवय लावा: [[रंकाळा|रंकाळ्यावर]]. वाचताना फक्त दुसरं रूप दिसतं, जोड पहिल्याशी राहते. पहिले काही दिवस बोटं अडखळतात, पुढं हात बसतो. एकाच पात्राची दोन नावं असतील, घरात ‘बायजा’ आणि रेशनकार्डावर ‘वैजयंता’, तर टिपणाच्या वरच्या प्रॉपर्टीजमध्ये एलिअस म्हणून दुसरं नाव देता येतं. मग दोन्ही नावांनी तेच टिपण उघडतं.

शोधतानाही सामान्यरूपाचं भान हवं. ‘रंकाळा’ शोधलं तर ‘रंकाळ्यावर’ येणार नाही. शेवटचा काना काढून ‘रंकाळ’ शोधा, दोन्ही येतील.

बोली टिपायची तर आवाज हवा

कोल्हापूरच्या माणसांचं लिहायचं तर टिपणाचा मोठा हिस्सा बोलीचा असणार. ‘कुठं चाल्लाईस’, ‘काय करालाईस’, ‘आल्तं की काल’ ही रूपं फोनच्या बोलून टंकायच्या सोयीत टिकत नाहीत. ती सोय प्रमाण मराठीवर घडलेली आहे. ती ‘चाल्लाईस’ चं ‘चाललास’ करते किंवा भलताच शब्द घालते. वाक्याचा अर्थ उरतो, माणूस जातो. त्यातही जपण्यासारखी गोष्ट म्हणजे इथल्या बायकांच्या तोंडी येणारं ‘मी आलो’, ‘मी सांगतो’. टिपताना ते बरोबर लिहिलं जातं आणि साठ्यात हलवताना लेखकाचाच हात त्याचं ‘आले’, ‘सांगते’ करून टाकतो. अशा टिपणाखाली ‘बाईचं बोलणं, असंच ठेवायचं’ अशी ओळ घाला.

बोलीसाठी सरळ फोनच्या रेकॉर्डरवर आवाज घ्या. दुसऱ्याचा आवाज असेल तर विचारून. विचारणं शक्य नसेल तर बाजूला जाऊन ते वाक्य त्याच हेलात स्वतःच्या आवाजात म्हणून ठेवा. नंतर ती ध्वनिफीत टिपणात ओढून टाकली की तिथंच वाजते. वीस-तीस सेकंदांपेक्षा लांब तुकडे ठेवू नका. लांब फीत पुन्हा ऐकली जात नाही. लिप्यंतर मात्र ऐकता ऐकता हातानं करा. हेल, थांबा आणि गाळलेला स्वर कानानंच पकडता येतात.

खिशासाठी दुसरं साधन

ऑब्सिडियनचं मोठं उणं म्हणजे फोनवरचा वेग. साध्या अँड्रॉइड फोनवर मोठा व्हॉल्ट उघडायला काही सेकंद जातात. त्यानंतर नवं टिपण, मग कळफलक. तेवढ्यात वाक्याची घडण मोडते. म्हणून झटपट टिपायला वेगळं साधन हवंच, आणि आमची पसंती कागदाला आहे.

वही घेऊ नका, चिठ्ठ्या करून घ्या. ए-फोर कागदाच्या आठ समान भागांत 74 बाय 105 मिलिमीटरची चिठ्ठी बसते, ती शर्टाच्या खिशात राहते. कागद 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) घ्या. नेहमीचा 70-75 जीएसएमचा झेरॉक्स कागद खिशात दोन दिवसांत मलूल होतो. दहा कागदांच्या ऐंशी चिठ्ठ्या होतात. कटिंग मशिन असलेल्या बाइंडिंगवाल्याकडं किंवा छापखान्यात एका दाबात कापून मिळतात, कात्रीनं कापू नका. कडा वेडीवाकडी झाली की गड्डी नीट लागत नाही. काळ्या क्लिपमध्ये वीस कोऱ्या चिठ्ठ्या पुढं, लिहिलेल्या मागं.

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात जेल पेन आणि शाईचं पेन खिशातल्या चिठ्ठ्यांना चालत नाही. दोन्हींची शाई पाण्यावर आधारलेली असते, रेनकोटच्या आतल्या ओलीनंही पसरते. पेन्सिल किंवा साधा बॉलपेन वापरा. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही आणि बॉलपेनची शाई तेलकट असते, त्यामुळं भिजलेली चिठ्ठी वाळवली तरी अक्षर राहतं.

एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. जागा उरली तरी दुसरी लिहायची नाही. पुढची सगळी लावालाव याच नियमावर चालते.

कागद नकोच असेल तर गूगल कीप ठीक आहे. मुख्य पडद्यावर त्याचं विजेट ठेवलं की एका टिचकीत लिहायला सुरुवात होते. साठा म्हणून मात्र ते कमी पडतं. टिपणांत आपसात बॅकलिंक नाहीत आणि दोनशेच्या पुढं रंगीत चौकोनांची भिंत होते. तिथं आधीच बरंच साठलं असेल तर गूगल टेकआउट या गूगलवरचा आपला माल उतरवून घ्यायच्या सेवेतून झिप फाईल काढा आणि ऑब्सिडियनच्या इम्पोर्टर प्लगिननं आत आणा.

व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सवय फार पसरली आहे. तिथं टिपण लगेच होतं, पण बीज, दुकानाची यादी आणि पुढं ढकललेले दुवे एकाच ओळीत वाहत जातात. ज्यांना ती सवय सोडायची नाही त्यांनी निदान दर आठवड्याला तिथून उचलून आवकमध्ये न्यावं.

आठवड्याचा अर्धा तास

ही पायरी गाळली तर वरचं सगळं व्यर्थ जातं. आठवड्यातून एकदा चिठ्ठ्या, कीप, रेकॉर्डर समोर ठेवा. प्रत्येक चिठ्ठी वाचून ठरवा: साठ्यात घ्यायची की टाकायची. घ्यायची असेल तर साच्यात टंका, ‘का टिपली’ ही ओळ भरा, निदान एक दुवा द्या, टॅग लावा. दुवा देताच येत नसेल तर #बीज लावून सोडा. बरंचसं इथं गळून पडतं आणि ते पडायलाच हवं. हातानं पुन्हा टंकणं ही चाळणी आहे, म्हणून चिठ्ठ्यांचे फोटो काढून आत टाकायची सूचना आम्हाला पटत नाही. फोटो शोधात नीट येत नाहीत आणि त्यांच्यामुळं काहीच टाकलं जात नाही.

उरलेली पाच मिनिटं रँडम नोट या सोबत येणाऱ्या प्लगिनला द्या. तो व्हॉल्टमधलं कुठलंही एक टिपण पुढ्यात टाकतो. जुनं बीज नव्या पात्राशेजारी आलं की कधी कधी दोन्ही एकमेकांना लागू पडतात. तसं झालं तर लगेच दुवा द्या.

टिपणांच्या जगात निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव फार घेतलं जातं. त्याच्या पेट्यांत सुमारे 90 हजार चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येकीला शाखांसारखा फुटत जाणारा क्रमांक होता. सिद्धान्त रचणाऱ्याला ती पद्धत मोलाची आहे. कथालेखकानं क्रमांकांच्या मागं लागू नये. त्याला एका युक्तिवादातून दुसऱ्याकडं जायचं नसतं, त्याला माणूस, जागा आणि प्रसंग एकत्र हवे असतात, आणि ते दुव्यांतून मिळतात. ग्राफ व्ह्यू नावाचं ठिपक्यांचं जाळंही असंच. दिसायला देखणं आहे, लेखनात त्यानं काही सुटत नाही.

कॅनव्हास मात्र खरोखर कामाचं आहे. मोकळ्या पटावर टिपणं कार्डांसारखी ओढून मांडता येतात, बाणांनी जोडता येतात. एका कथेचे आठ-दहा प्रसंग लावायला उत्तम. कादंबरीची चाळीस प्रकरणं मांडायची झाली की लॅपटॉपचा पडदा अपुरा पडतो. लांबून पाहावं तर अक्षर दिसत नाही, जवळ यावं तर शेजारचं प्रकरण दिसत नाही. अशा वेळी जाड कार्डं घ्या: 210 ते 250 जीएसएमच्या ए-फोर पुठ्ठ्याची चार-चार, म्हणजे दहा पुठ्ठ्यांत चाळीस. प्रत्येकावर प्रकरणाचं काम एका वाक्यात, कोपऱ्यात कुणाच्या नजरेतून. जमिनीवर अंथरून फिरवा, क्रम ठरला की फोटो काढा आणि तो क्रम ऑब्सिडियनमध्ये उतरवा.

प्रती आणि पूर

फोन आणि लॅपटॉप जुळवायचा सोपा मार्ग म्हणजे ऑब्सिडियन सिंक. वर्षाचे एकदम भरले तर महिन्याला 4 डॉलर, त्यात 1 जीबी जागा. ही जागा मजकुराला अफाट आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून तीनशे शब्दांचं टिपण सहा केबीच्या आसपास जातं आणि हजार टिपणं सहा एमबीत बसतात. जागा खातात त्या ध्वनिफिती. मिनिटाला अर्धा एमबी धरा.

पैसे न भरता अँड्रॉइड आणि विंडोज जुळवायला सिंकथिंग आहे. त्याचं अधिकृत अँड्रॉइड ॲप 2024 च्या अखेरीस थांबलं, त्याऐवजी सिंकथिंग-फोर्क हे ॲप वापरावं लागतं. एकच टिपण दोन्हीकडं एकाच वेळी उघडून बदललं तर वादाची दुसरी फाईल तयार होते. एक यंत्र बंद करून, जुळणी झाल्याची खात्री करूनच दुसरं उघडा. फोनवर व्हॉल्ट करताना जागा ‘डिव्हाइस स्टोरेज’ निवडा. ‘ॲप स्टोरेज’ निवडलं आणि ॲप काढून टाकलं तर टिपणंही जातात.

जुळणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेलं टिपण दोन्हीकडून पुसलं जातं. महिन्यातून एकदा आख्खा फोल्डर तारखेच्या नावानं पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवा. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी इशाऱ्याची बातमी आली की कार्डांची पेटी आणि जुन्या वह्या वरच्या मजल्यावर हलवाव्यात. ओल्या वह्यांची पानं चिकटतात आणि ओढून सुटी केली की अक्षरासकट सोलून निघतात. वीज आणि नेट गेलं तरी ऑब्सिडियन चालू राहतं, लॅपटॉपला चार्ज असेतोवर.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात

नोशन तक्ते आणि याद्यांसाठी चांगलं आहे, पण टिपणं त्यांच्या सर्व्हरवर राहतात. जॉप्लिन फुकट आणि मुक्तस्रोत आहे, ऑब्सिडियन झेपत नसेल तर ते पाहा. स्क्रिव्हनर मोठ्या हस्तलिखितासाठी उत्तम, एकदाच विकत घ्यायचं, पण अँड्रॉइडवर नाही. वर्षाला चार-पाच कविता लिहिणाऱ्यानं यातलं काहीच घेऊ नये. त्याला चिठ्ठ्या आणि एक पेटी पुरते.

छापायला देताना

दिवाळी अंकाला किंवा प्रकाशकाला मजकूर द्यायचा तर ऑब्सिडियनमधून कॉपी करून वर्डमध्ये आणा. आधी दुव्यांचे कंस, टॅग आणि साच्याच्या ओळी काढा. वाचन दृश्यात जाऊन तिथून कॉपी केलं तर कंस आपोआप जातात. बऱ्याच ठिकाणी मांडणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत होते आणि युनिकोडमधून तिकडं रूपांतर करताना ऱ्ह, ऱ्य, ॲ, ऑ यांची मोडतोड होऊ शकते. न दिसणारं जोडचिन्ह मजकुरात असेल तर धोका वाढतो, म्हणून वरची शोधून बदलायची पायरी पाठवण्याआधी एकदा पुन्हा करा. मजकुरात अशी अक्षरं असलेले शब्द एका कागदावर काढून ठेवा आणि प्रूफ आलं की आधी तेच तपासा. वर्ड फाईलसोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे अक्षर जुळवणाऱ्यासमोर तुलनेला मूळ रूप राहील.